गच्चीवरची वायव्य

आमच्या शहरात एके काळी सगळ्या गच्च्यांना एकच दिशा होती. औरंगपुऱ्यातल्या माळवदांपासून सिडकोतल्या नव्या स्लॅबांपर्यंत कुठेही उभे राहून पाहिले, तर अॅल्युमिनियमच्या काड्यांचे ते सांगाडे निमूटपणे वायव्येकडे तोंड करून उभे असत. त्या दिशेला, खुलताबादच्या पलीकडे, म्हैसमाळचे पठार आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १०६७ मीटर उंच, म्हणजे शहरापेक्षा जवळजवळ पाचशे मीटर वर. गिरिजादेवीचे देऊळ तिथे आहे आणि दूरदर्शनचा मनोराही तिथेच आहे. शाळेत दिशा शिकवताना गुरुजी उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहायला सांगत. आम्हाला सूर्याची गरज पडली नाही. शेजारच्या गच्चीवर नजर टाकली की वायव्य सापडत असे, आणि वायव्य सापडली की बाकीच्या सात दिशा मांडता येत असत.

या लेखातला 'आम्ही' संपादकीय नाही, हे आधीच सांगायला हवे. ज्या गोष्टीबद्दल लिहायचे आहे ती एकट्याने कधी घडलीच नाही. संच १९८९ मध्ये घरी आला, 'महाभारत' ऐन भरात असताना. वडील माळवदावर, आई अंगणात, एक भावंड दारात आणि दुसरे संचासमोर अशी मांडणी असे. वडील नळी किंचित फिरवत आणि वरून विचारत, "आलं का?" तो प्रश्न अंगणातून दारात, दारातून खोलीत जाई आणि उत्तर त्याच वाटेने उलट वर पोचे: "आलं... आलं... गेलं!" उत्तर वर पोचेपर्यंत नळी पुढे सरकलेली असे, त्यामुळे 'आलं' हे नेहमीच भूतकाळाबद्दलचे विधान ठरे. पडद्यावर मुंग्या असत. मुंग्यांमधून श्रीकृष्ण दिसला तर तो आमच्या लेखी पूर्ण दर्शन होता. चार माणसे, एक नळी आणि त्यांच्यामध्ये सतत चुकणारा एक निरोप असे आमचे घरगुती प्रसारण होते.

त्या सांगाड्याचे शास्त्र आम्हाला फार उशिरा कळले. जपानमधल्या तोहोकू विद्यापीठातले शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ च्या सुमारास ही रचना जगापुढे मांडली. म्हणून तिला यागी-उदा म्हणतात. मधली वळवलेली काडी खरी ग्रहण करणारी. तिच्या मागची काडी किंचित लांब असते आणि ती पाठीकडून येणारे परतवून लावते. पुढच्या काड्या किंचित आखूड असतात आणि त्या समोरून येणाऱ्या लहरीला वाट दाखवतात. मधली काडी साधारण लहरीच्या निम्म्या लांबीची लागते. २०० मेगाहर्ट्झची लहर दीड मीटरची, म्हणून काडी पाऊण मीटरची. ५०० मेगाहर्ट्झची लहर साठ सेंटिमीटरची, म्हणून काडी वीतभरापेक्षा थोडी मोठी. म्हणजे काय ऐकायचे हे अँटेनाच्या अंगलटीतच ठरलेले असते. संस्कृत काव्यशास्त्राने 'सहृदय' नावाचा एक रसिक कल्पिला आहे. अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा घासून लख्ख झाला आहे तोच काव्याचा अधिकारी, असे अभिनवगुप्ताचे म्हणणे. वडील मराठीचे शिक्षक होते आणि अँटेनाच्या काड्यांवरची धूळ दर दसऱ्याला पुसत. तिचा चित्रावर परिणाम होत नाही, हे त्यांना ठाऊक नसावे असे नाही.

पुढे केबल आली, मग ती महाग झाली आणि सगळ्यांचे डोळे आपापल्या पडद्यांकडे वळले. माळवद पाडून आम्ही स्लॅब टाकला. अँटेना मात्र वडिलांनी नव्या गच्चीवर पुन्हा उभा केला, आणि पहिल्याच दिशेला. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून उभ्या राहिलेल्या खटल्यात निकाल दिला की प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या बातमीचे कात्रण वडिलांनी व्याकरणाच्या एका पुस्तकात ठेवले होते. त्यांचे म्हणणे सरळ होते. पाण्याचा नळ महापालिकेचा असतो, विजेची तार मंडळाची असते. आपल्या घरात कोणालाही न विचारता येते ती एवढी एकच गोष्ट. कोण पाहतो, काय पाहतो, किती वेळ पाहतो, हे पाठवणाऱ्याला कळत नाही. पाहणाऱ्याचा मान त्यातच आहे, असे ते म्हणत. आम्ही ऐकून घेत असू. पेन्शनरांची मते ऐकून घ्यायची असतात, एवढाच आदर त्यात असे.

फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरदर्शनने देशातल्या सोळा शहरांत डिजिटल भूप्रक्षेपण सुरू केल्याची बातमी आली. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई यांच्या पंगतीत, इंदूर आणि भोपाळच्या बरोबरीने औरंगाबादचेही नाव होते. (शहराचे छत्रपती संभाजीनगर हे नामांतर अधिकृत झाले ते २०२३ मध्ये.) महाराष्ट्रातून मुंबई आणि आपण, पुणे नाही, याचा वडिलांना झालेला आनंद लपत नव्हता. पाच वाहिन्या, मासिक शुल्क नाही, तार नाही. ते गच्चीवर गेले, जुना अँटेना हलवून पाहिला आणि खाली येऊन म्हणाले, "बाजारात जाऊन नीट चौकशी करू. आपला चालेल का, की नवा घ्यावा लागेल?"

त्या उन्हाळ्यात आम्ही अँटेना निवडायला निघालो. पहिल्या दुकानात काळ्या प्लॅस्टिकची एक चपटी पाटी दाखवण्यात आली. तिच्यावर 'एचडी' ही अक्षरे सोनेरी रंगात होती आणि किंमतही त्या अक्षरांना साजेशी होती. दुसऱ्या दुकानदाराने "कोणता अँटेना?" असे विचारून आमच्याकडे बराच वेळ पाहिले. शेवटी पैठण गेटजवळ एका बोळात रेडिओ दुरुस्त करणारे एक वृद्ध गृहस्थ भेटले. पाटीचा किस्सा ऐकून ते हसले आणि म्हणाले, "साब, अँटेना को क्या मालूम एचडी-वीचडी. वो तो लहर पकडता है, बस." पुढचा अर्धा तास आम्ही त्यांच्याकडून जे शिकलो, ते कोणत्याही माहितीपुस्तकापेक्षा नेमके होते.

त्यांच्या बोलण्याचा सारांश असा. अँटेना डिजिटल नसतो, हाय डेफिनिशनही नसतो. ते काम पुढच्या यंत्राचे. अँटेनाला फक्त पट्टा कळतो आणि दिशा कळते. नवे प्रक्षेपण वरच्या पट्ट्यातले, त्यामुळे आमच्या लांब काड्या त्याला नीट बसणार नाहीत. आखूड आणि जास्त काड्यांचा हवा. जुनी चपटी तार काढून गोल केबल टाकावी लागेल आणि जोडावर तीनशे ओहमचे पंचाहत्तर करणारा छोटा ट्रान्सफॉर्मर लागेल. बूस्टर घेऊ नये, कारण तो लहरीबरोबर गोंगाटही मोठा करतो. पाच हजारांच्या बूस्टरपेक्षा पाच फूट जास्त नळी बरी. घराच्या आत ठेवायचा अँटेना घेऊच नये, भिंत निम्मे खाऊन टाकते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डिजिटलमध्ये मुंग्या नसतात. लहर पुरेशी असेल तर चित्र आरशासारखे येते, आणि त्याखाली गेली की पडदा एकदम कोरा. अधलेमधले काही नाही.

परतताना वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे आता थोडं थोडं दिसणार नाही."

अँटेना ठरला, पण त्याचे पुढचे यंत्र मिळेना. त्या प्रक्षेपणाची भाषा समजणारा सेट-टॉप बॉक्स आम्ही फिरलो त्या एकाही दुकानात नव्हता. सेवा मुख्यत्वे मोबाइलसाठी मांडलेली होती. फोनला एक बोटभर डोंगल लावायचे, त्यातून काडेपेटीतल्या काडीपेक्षा थोडी मोठी तार ओढायची आणि पाहायचे. तसे एक डोंगल आम्ही मागवले. संध्याकाळी गच्चीवर, जुन्या नळीच्या शेजारी उभे राहून फोनवर बातम्या लावल्या. चित्र खरोखर स्वच्छ होते. वडिलांनी फोन तळहातावर धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि दोनेक मिनिटे पाहिले. आम्ही तिघे त्यांच्या खांद्यांवरून डोकावत होतो. एका वेळी एकच डोके मावत होते. फोन परत देताना ते म्हणाले, "चांगलं आहे. पण हे एकट्यानं बघायचं?"

इथे आमच्या निवडीची खरी गोष्ट सुरू होते, आणि ती सांगायला आम्ही दहा वर्षे लावली आहेत. परदेशातून किंवा मुंबईतून बॉक्स मागवता आला असता. बोळातल्या त्या गृहस्थांनी तशी तयारीही दाखवली होती. थोडे दिवस थांबावे लागले असते आणि नळी उंच करायला वडील स्वतः शिडीवर चढले असते, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी. आम्ही शिडीचे कारण पुढे केले. दूरदर्शनचीच मोफत डिश सेवा २००४ पासून होती. एके दिवशी ते बँकेत गेले असताना आम्ही छत्री बसवून घेतली. वाहिन्या कितीतरी जास्त, खर्च एकदाच, कटकट नाही. घरी आल्यावर त्यांनी छत्रीकडे पाहिले आणि एवढेच विचारले, "हिचं तोंड कुठं आहे?"

तोंड आग्नेयेला होते. ज्या उपग्रहावरून ती सेवा येते तो विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे; आमच्या शहरातून तो बरोबर आग्नेयेला दिसतो, म्हणजे म्हैसमाळच्या नेमक्या विरुद्ध. गच्चीवर दोघे पाठीला पाठ लावून उभे राहिले. एकाचे बोलणारे माणूस पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या डोंगरावर, ढग नसले तर नुसत्या डोळ्यांनी त्या डोंगराची रेघ दिसावी इतके शेजारचे. दुसऱ्याचे सुमारे छत्तीस हजार किलोमीटर वर. छत्रीतले चित्र उत्तम होते. वडिलांनी कधीही तक्रार केली नाही. ते रोज सातला समोर बसत आणि साडेसातला उठत. आम्ही त्याला समाधान समजलो. आज वाटते, तो केवळ सभ्यपणा होता; शिक्षकाला दुसऱ्याच्या चुकीच्या उत्तरावरही शांत राहण्याची सवय असते. सोय त्यांची आहे असे आम्ही स्वतःला सांगितले. ती आमची होती. ज्या प्रश्नाला चार माणसे लागत, त्याला एकही माणूस लागू नये, अशी व्यवस्था आम्ही आमच्यासाठी करून घेतली होती.

ते २०१९ मध्ये गेले. मार्च २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवायला सुरुवात केली, तेव्हा आई छत्रीवरच ते पाहत असे. एकही मुंगी नसलेला राम पाहताना ती म्हणाली, "फारच रंगवलंय." पुढच्या दोन वर्षांत प्रसार भारतीने देशभरातले जुने अॅनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद केले, शेवटचा टप्पा मार्च २०२२ अखेरचा होता आणि सामरिक महत्त्वाच्या ठिकाणचे पन्नासेक तेवढे वगळले गेले. आमच्या गच्चीवरच्या लांब काड्यांना ऐकायला आता काही उरले नाही. शहरातले बाकीचे सांगाडे त्याआधीच भंगारात गेले होते. हडकोतल्या चौकाला लोक अजून 'टीव्ही सेंटर' म्हणतात आणि रिक्षावाल्याला तेवढे पुरते. नावाला प्रक्षेपण लागत नाही.

यंदा पावसाळ्यापूर्वी गच्चीला गळतीचे काम काढले. मिस्त्री म्हणाला, नळी काढावी लागेल, तिच्या बुडाशीच पाणी मुरते. भंगारवाल्याने खालूनच अॅल्युमिनियमचा भाव सांगितला. आम्ही दोघे भावंडे वर गेलो आणि तिथे उभे राहून चर्चा करू लागलो, जुन्या वस्तूंबद्दल सुशिक्षित माणसे करतात तशी: स्मृती, वारसा, जागा, गळती. चर्चा लांबली तशी आई जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत आली आणि म्हणाली, "बुडाशी सिमेंट भरा आणि राहू द्या. वाळवणाची दोरी मी कशाला बांधू?"

मिस्त्रीने बुडाशी सिमेंट भरले. त्यासाठी नळी उपटून पुन्हा रोवावी लागली. रोवताना त्याने सहज विचारले, "तोंड कोणीकडं करू?" आम्ही दोघांनी एकदमच हात वर केले. दोन्ही हात एकाच दिशेला होते. तो नळी हळूहळू फिरवू लागला, आणि खाली अंगणात उभ्या असलेल्या आईकडे पाहून आमच्यापैकी एकाच्या तोंडून नकळत निघून गेले, "आलं का?"

आई काही बोलली नाही. मग थोड्या वेळाने, कपडे झटकत, म्हणाली, "आलं."