पुन्हा एकदा जपान

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा निरोप आला तेव्हा ‘शाळेची वाटचाल’ या विषयावर लिहावे असे प्रथम मनात आले. परंतु तो विषय माझ्याहून ज्येष्ठ सहकारी अधिक अधिकाराने लिहितील. मी एका लहानशा वस्तूविषयी लिहिणार आहे. माझ्या कपाटात एटीएम कार्डाएवढे एक कार्ड आहे. त्यावर माझा फोटो आहे, जपानी अक्षरे आहेत आणि यंत्राने पाडलेले एक गोल छिद्र आहे. वसतिगृहातील मुली घरी आल्या की ते हातात घेऊन विचारतात, “मॅडम, याला भोक कशाचं?” आजवर मी त्यांना अर्धेच उत्तर देत आले. उरलेले अर्धे उत्तर या निमित्ताने लिहून ठेवते.

एप्रिल २०१३ मध्ये मी आपल्या शाळेतील नोकरी सोडून जपानला गेले. टोकियोत भारतीय अभ्यासक्रम शिकवणाऱ्या एका शाळेत समाजशास्त्र शिकवण्याचे काम मिळाले होते. घरावर कर्ज होते, सासूबाईंच्या आजारपणात बराच पैसा गेला होता. यजमान एस.टी.च्या नोकरीमुळे इकडेच राहिले. सात वर्षांची मुलगी माझ्याबरोबर आली. निशी-कासाई या भागात आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या. तेथे भारतीयांची मोठी वस्ती आहे. तुरीची डाळ, गव्हाचे पीठ, हिंग, सर्व काही चालत जाण्याच्या अंतरावर मिळे.

नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाला तेथे असे कार्ड मिळते. ते सतत जवळ बाळगावे लागते. नोकरी सुटली किंवा बदलली तर चौदा दिवसांच्या आत सरकारला कळवावे लागते. मुदत वाढवायची तर तेव्हा नोकरी देणाऱ्या संस्थेची कागदपत्रे जोडून शिनागावा येथील कार्यालयात रांग लावावी लागे. त्यामुळे वरिष्ठांची, सहकाऱ्यांची आणि पालकांची मर्जी सांभाळणे हा माझ्या स्वभावाचाच भाग होऊन गेला. कोणी मला धमकावले नव्हते. परंतु आपले येथील राहणे दुसऱ्याच्या सहीवर अवलंबून आहे, ही जाणीव माणसाला न सांगता वाकायला शिकवते.

पहिल्याच महिन्यात एका सहकारी बाईंनी डबा खाताना विचारले, “तुमचं आडनाव वेगळं वाटतं. म्हणजे तुम्ही नेमके कोण?” मी हसून म्हणाले, “आम्ही विदर्भातले.” त्या गप्प बसल्या आणि मीही. आपल्या शाळेत पंधरा वर्षे मुलांना ताठ मानेने उभे राहायला शिकवणारी मी, एका साध्या प्रश्नापुढे भूगोलाच्या आड लपले. त्यानंतर लपणे सवयीचे झाले. चौदा एप्रिलला घरात मेणबत्ती लावताना मी आधी खिडकीचा पडदा ओढून घेत असे. बाबासाहेबांची तसबीर आतल्या खोलीत होती. कोणी भारतीय कुटुंब घरी येणार असले की त्या खोलीचे दार बंद राही.

सप्टेंबर २०१५ मध्ये वाकायामा प्रांतातील कोयासान विद्यापीठात बाबासाहेबांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस त्यासाठी आले होते. बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीचे ते वर्ष. मी त्याच देशात, रेल्वेने काही तासांच्या अंतरावर होते. इकडून अनेकांचे फोन आले, “ताई, तुम्ही जाणारच असाल ना?” रजा मिळाली नाही, असे मी सर्वांना सांगितले. आज या पानावर कबूल करते की मी रजा मागितलीच नव्हती. रजेच्या अर्जात कारण लिहावे लागले असते. कार्यक्रमाच्या छायाचित्रात चेहरा दिसला असता. एवढ्याच भीतीने मी त्या दिवशी नेहमीप्रमाणे वर्गात गेले आणि आठवीच्या मुलांना फ्रेंच राज्यक्रांतीतील समता शिकवली.

त्याच आठवड्यात मुलीने विचारले, “आई, आपण बाबासाहेबांना लपवून का ठेवतो?” ती नऊ वर्षांची होती. मला उत्तर देता आले नाही. काही महिन्यांनी शाळेतून कळले की इतिहासाच्या शिक्षकाची जागा रिकामी होत आहे. मी अर्ज पाठवला. घराचे कर्ज बरेचसे फिटले होते, पण सर्व फिटले नव्हते. धाकटा भाऊ फोनवर चिडून म्हणाला, “ताई, त्या कागदासाठी लोक जन्मभर रांगेत उभे राहतात, आणि तू तो हाताने सोडतेस!” त्याचे म्हणणे खोटे नव्हते.

मार्च २०१६ च्या अखेरीस आम्ही निघालो. जपान सोडताना एक छोटा फॉर्म भरावा लागतो. आपण तात्पुरते जात असून परत येणार आहोत, असे सांगणारा एक चौकोन त्यात असतो. त्यात खूण केली तर ठरावीक मुदतीत त्याच व्हिसावर परत येता येते. खूण केली नाही तर निवासाचा हक्क तेथेच संपतो. पेन हातात धरून मी बराच वेळ उभी होते. मागच्या माणसाने घसा खाकरला. मी चौकोन रिकामा सोडला. अधिकाऱ्याने पुन्हा एकदा विचारून खात्री केली, कार्ड यंत्रात घालून छिद्र पाडले आणि दोन्ही हातांनी ते मला परत दिले. इतक्या सौजन्याने हक्क काढून घेतलेला मी दुसरा पाहिला नाही.

परतल्यावर मी शाळेत रमले. पण जपानचा विषय निघाला की मनात काहीतरी टोचत असे. तीन वर्षे तेथे राहून ‘तो बौद्धांचा देश, तेथे जात नाही’ असे मी येथे व्याख्यानांतून सांगत असे. एकदा महाडच्या सत्याग्रहावरील पाठाची तयारी करताना इतर देशांतील समान चळवळी शोधू लागले आणि ‘बुराकू’ हा शब्द समोर आला. जनावरांची कातडी काढणे, चामडे कमावणे, मेलेली ढोरे उचलणे ही कामे करणाऱ्यांना जपानमध्येही शतकानुशतके वेशीबाहेर ठेवले होते. १८७१ मध्ये सरकारी फर्मानाने त्यांचा हीन दर्जा रद्द झाला. परंतु पुढच्याच वर्षी तयार झालेल्या कुटुंब-नोंदणीत अनेक ठिकाणी ‘नवे सामान्यजन’ अशी ओळखू येणारी नोंद राहिली. ती जुनी दप्तरे लोकांसाठी बंद व्हायला १९६८ साल उजाडले. १९७५ मध्ये तर या वस्त्यांच्या नावांच्या छापील याद्या कंपन्यांनी गुपचूप विकत घेतल्याचे उघड झाले. उमेदवाराचे मूळ गाव पाहून नोकरी नाकारण्यासाठी त्यांचा उपयोग होई. आपल्याकडे आडनाव विचारतात, तिकडे पत्ता विचारतात.

सर्वांत अधिक दुःख एका गोष्टीचे झाले. काही बौद्ध मंदिरांनीही या लोकांना मृत्यूनंतर हीनतादर्शक नावे दिली होती आणि ती थडग्यांवर कोरली गेली होती. बुद्धाची मूर्ती समोर असूनही माणसे असे करू शकली. धम्म म्हणजे आचरण, हे बाबासाहेब इतक्या आग्रहाने का सांगत होते, ते मला त्या रात्री नव्याने समजले. टोकियोत असताना असाकुसाच्या मंदिरात मी कितीदा गेले होते. एदोकाळात या समाजाचा वंशपरंपरागत प्रमुख त्याच परिसरात राहत असे आणि चामड्याच्या बुटांचा व्यवसाय तेथे आजही आहे. मी इतिहासाची एम.ए.; पण मी काहीही विचारले नव्हते. स्वतः लपून बसलेल्या माणसाला दुसरा लपलेला माणूस दिसत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आमच्या विहारातर्फे भन्तेजींसमवेत अकरा जणांचा गट जपानला गेला. त्यात मी होते. या वेळी व्हिसा पर्यटकाचा, पंधरा दिवसांचा. अर्जात पूर्वी जपानला गेला होता का, किती दिवस, असा प्रश्न होता. ‘तीन वर्षे’ असे लिहिताना हात थोडा थांबला. कान्साई विमानतळावर पूर्वीच्या सवयीने माझी पावले कार्डधारकांच्या रांगेकडे वळली. कर्मचाऱ्याने नम्रपणे पाहुण्यांची लांब रांग दाखवली. बोटांचे ठसे दिले, फोटो दिला. मनाला लागले, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्या देशात मी कर भरला, आजारी पडले, मुलीला सायकल शिकवली, तेथे मी आता पंधरा दिवसांची पाहुणी होते.

दुसऱ्या दिवशी ओसाकाहून रेल्वेने आणि शेवटच्या टप्प्यात डोंगर चढणाऱ्या केबल कारने आम्ही कोयासानला पोहोचलो. इ.स. ८१६ मध्ये कुकाई या भिक्षूने येथे शिंगोन पंथाचे केंद्र स्थापन करण्यास आरंभ केला. थंडी बोचरी होती, मेपलची पाने लाल झाली होती. विद्यापीठाच्या आवारात बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढे आम्ही त्रिशरण-पंचशील घेतले. माझा आवाज मध्येच थांबला. शेजारी आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी उभी होती. तिने काही न विचारता माझा हात धरला. नऊ वर्षे उशिरा का होईना, मी हजेरी लावली.

तेथून गट क्योटोला जाणार होता. भन्तेजींची परवानगी घेऊन त्या विद्यार्थिनीसह मी एक दिवस वेगळी वाट धरली. डोंगर उतरून हाशिमोतो, तेथून वाकायामा मार्गाच्या गाडीने वाकिगामी हे छोटेसे स्थानक. नारा प्रांतातील गोसे शहरात ‘सुइहेइशा’ या संघटनेच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. सुइहेइशा म्हणजे सर्वांना एका पातळीवर आणणाऱ्यांची संघटना. ३ मार्च १९२२ रोजी क्योटो येथे तिची स्थापना झाली. बाबासाहेब त्या वेळी लंडनमध्ये शिकत होते आणि महाडला अजून पाच वर्षे होती. तिचा जाहीरनामा लिहिणारे साइको मानकिची हे याच वस्तीतील बौद्ध मंदिराचे सुपुत्र. ते मंदिरही जवळच आहे. ज्या शब्दाने आपल्याला हिणवले जाई, तोच शब्द त्यांनी जाहीरनाम्यात अभिमानाने धारण केला. त्यांचा काळा ध्वज आणि त्यावरील काटेरी मुकुटाचे लाल चिन्ह मी कितीतरी वेळ पाहत राहिले.

तेथे एका मुलाची गोष्ट आठवली. स्थापना-परिषदेत यामादा नावाचा एक किशोर व्यासपीठावर उभा राहिला आणि शाळेतील शिक्षक कसा भेदभाव करतात ते त्याने हजारो लोकांपुढे सांगितले. आपल्या वसतिगृहातील दहावीच्या मुलांच्या वयाचा तो असेल. तो बोलला, आणि मी, चाळिशी ओलांडलेली शिक्षिका, डब्याच्या टेबलावर गप्प राहिले होते.

बाहेर पडताना तेथील वयस्क बाईंनी विचारले, कोठून आलात? माझे जपानी आता मोडकेतोडके झाले आहे. तरीही मी सांगितले, “भारतातून आले. मी शिक्षिका आहे. तुमच्या लोकांना जसे दूर ठेवले, तसे आमच्या लोकांनाही ठेवले होते.” त्यांनी काही क्षण माझ्याकडे पाहिले, कमरेत वाकून नमस्कार केला आणि अभिप्रायाची वही पुढे केली. मी त्या वहीत मराठीत माझे पूर्ण नाव, आडनाव, गाव लिहिले आणि खाली ‘जय भीम’ लिहिले. जपानच्या भूमीवर माझे खरे नाव त्या दिवशी प्रथम उमटले. त्यासाठी कोणाच्या सहीची गरज पडली नाही.

परत आल्यावर मुलीला सर्व सांगितले. ती आता अठरा वर्षांची आहे. जपानी भाषा ती जवळजवळ विसरली. मी विचारले, “आपण परत आलो याचा तुला राग आहे का?” ती म्हणाली, “राग नाही. पण तेव्हा तू मला विचारलं नव्हतंस.” हे मला मान्य करावे लागले. निर्णयाची किंमत फक्त निर्णय घेणारा देत नाही. तिने भरलेल्या वाट्याची नोंदही या लेखात राहावी.

आपले अनेक माजी विद्यार्थी आज परदेशात नोकरीच्या व्हिसावर आहेत. त्यांनी परत यावे, असे मी मुळीच म्हणत नाही. बाबासाहेब न्यूयॉर्कला आणि लंडनला गेले नसते तर आपण आज कोठे असतो? मुलांनो, जरूर जा, शिका, कमवा, तेथे घर करा. ज्या देशात जाल तेथे आपल्यासारखे कोण आहेत, याचा शोध घ्या. आणि सामान बांधताना आपले नाव घरी ठेवून जाऊ नका. मी तसे केले होते, आणि ते परत मिळवायला मला नऊ वर्षे लागली.

कार्ड अजून कपाटातच आहे. आता एखादी मुलगी ते हातात घेऊन विचारील, तेव्हा पूर्ण उत्तर देईन.

जय भीम. नमो बुद्धाय.