हिस्लॉप जिथे गेला नसावा

सौंसरजवळ जामसावळीच्या निद्रिस्त मारुतीचं दर्शन उरकून आम्ही पांढुर्ण्याला निघालो होतो. सोबत इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक. या भागात दगडांचा विषय निघाला की माझ्या तोंडी स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉपचं नाव येतंच. नागपूरजवळ टाकळीत त्याने जीवाश्म वेचले, गोंडांची गाणी उतरवून घेतली, १८४६ मध्ये नागपुरात शाळा काढली. प्राध्यापक म्हणाले, "मुंबईत उतरल्यावर पहिली उपासना त्याने काळ्या घोड्याजवळच्या सेंट अँड्र्यूजमध्येच केली असणार. स्कॉटलंडचा प्रेस्बिटेरियन माणूस, दुसरीकडे जाईल कशाला?" मला ते पटेना. पांढुर्ण्याला चहा झाला तरी वाद मिटला नाही. शेवटी मी मुंबई गाठली.

फोर्टातली खोली कोंदट. खिडकी उघडावी तर समोर भिंत, आणि भाडं अवाच्या सवा. गेटवेकडे फिरकलोसुद्धा नाही, थेट चर्चपाशी आलो. समोर खांबांवर पेललेला त्रिकोणी माथा, त्यावर निमुळता होत गेलेला मनोरा. एका खांबावर तळहात टेकवला. बाहेर ऊन रणरणत होतं, पण गिलावा गार होता. १८१३ च्या सनदेनंतर कंपनी सरकारने इंग्रज पाद्र्यांच्या जोडीला स्कॉटिश पाद्रीही पगारी नेमले आणि कलकत्ता, मद्रास, मुंबई या तिन्ही शहरांत सेंट अँड्र्यूजच्या नावाची चर्चं उभी राहिली. मुंबईचं हे १८१९ चं. १८२६ मध्ये वीज पडून मनोरा कोसळला, तो पुन्हा बांधला. पुढे शेजारीच अमेरिकेहून जहाजाने येणाऱ्या बर्फाचं कोठार झालं.

देखणी इमारत, पण सरकारी पैशाची. माझा मुद्दा इथेच होता. मंडळीचा पाळक कुणी नेमायचा, जमीनदाराने की मंडळीने, या प्रश्नावर १८४३ मध्ये स्कॉटलंडचं चर्च फुटलं. चारशेहून जास्त पाळक पगार आणि घरं सोडून बाहेर पडले, त्यांनी फ्री चर्च काढलं. मुंबईतले मिशनरी जॉन विल्सनही त्यांच्याच बाजूला गेले. हिस्लॉप मुंबईत आला १८४४ च्या अखेरीस, तोही फ्री चर्चचा मिशनरी म्हणून. एवढं सोडून आलेल्यांचा हा माणूस सोडलेल्याच घरात उपासनेला बसला असेल, हे मला मानवत नाही.

फोनवर प्राध्यापक म्हणाले, "बघायला तरी गेला असेल!" असेलही.

आता हे चर्च प्रेस्बिटेरियन राहिलेलं नाही. बिशप नको म्हणणारी ही परंपरा २९ नोव्हेंबर १९७० ला बिशप असलेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाली, आणि तो सोहळा झाला नागपुरात, हिस्लॉपच्या गावी. त्याला ते आवडलं असतं का? मला वाटतं, तो कडाडून भांडला असता.

मनोऱ्याकडे बघताना मन मात्र बोरीच्या नाल्याकडे ओढ घेत होतं. टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना ४ सप्टेंबर १८६३ ला हिस्लॉप तिथेच पुरात बुडाला. मुंबईतलं बाकीचं पाहणं मी सोडून दिलं आणि रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलं. पावसाळा सरला की टाकळघाटला जायचं, हे मात्र प्राध्यापकांनी वाद न घालता मान्य केलं आहे.