उलट्या वाहणाऱ्या नदीच्या गावी

बेळगावच्या माणसाला पाऊस बघायला परदेशी जायची काय गरज? लेकीकडे नोम पेन्हला जायचे ठरले तेव्हा शेजारपाजारच्यांनी हा प्रश्न विचारलाच. प्रश्न रास्त होता. मिरग लागल्यापासून गणपती विसर्जनापर्यंत आपल्या छत्र्या वाळत नाहीत. त्यातून कंबोडियाला जायचा मोसम म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, असे सगळेच सांगतात. मी मात्र गेले ती २०२४ च्या सप्टेंबरात, हस्त नक्षत्राच्या तोंडावर. थोरल्या जाऊबाईंचा आक्षेप तर आणखीच वेगळा होता. "म्हाळाच्या दिवसांत घर सोडून कुठे निघालीस गं?" पण आमच्या घरचा म्हाळ पुतण्या घालतो, आणि मला एकुलती एक मुलगी. ती तिकडच्या एका शिवणकारखान्यात कपड्यांचा दर्जा तपासायचे काम बघते. तिला रजा मिळत होती ती याच दिवसांत. का मिळत होती, ते तिथे गेल्यावर कळले.

बंगळूरहून बँकॉक आणि तिथून सव्वा तासाचे विमान. खाली बघितले तर जमीन कुठे आणि पाणी कुठे, काही उमजेना. शेतात पाणी, पाण्यात ताडाची झाडे, मधूनच एखादे कौलारू छप्पर. मला वाटले, पूर आला आहे. लेक म्हणाली, "पूर नाही आई, हे दरवर्षीचंच. इथले लोक पाणी वाढलं नाही तर घाबरतात."

चतुर्मुख शहर

नोम पेन्ह म्हणजे पेन्हबाईची टेकडी. पेन्ह नावाच्या एका आजीबाईला नदीतून वाहत आलेल्या ओंडक्यात बुद्धाच्या मूर्ती सापडल्या. तिने उंचवटा करून त्यावर देऊळ बांधले, साल १३७२, अशी आख्यायिका आहे. ती टेकडी, म्हणजे वाट नोम, आजही शहरात आहे. उंची जेमतेम २७ मीटर, पण सपाट गावात तेवढीही डोळ्यांत भरते.

या शहराचे जुने नाव मात्र ऐकताक्षणी आपले वाटते. चाकतोमुक, म्हणजेच चतुर्मुख. मेकाँग, तोनले साप आणि बासाक या नद्या इथे अशा भेटतात की चार दिशांना चार पात्रे दिसतात. त्यातली तोनले साप ही नदी जगावेगळी. कोरड्या दिवसांत ती वरच्या मोठ्या सरोवरातून निघते आणि मेकाँगला मिळते. पावसाळ्यात तिबेटातले बर्फाचे पाणी आणि वाटेतला पाऊस घेऊन मेकाँग इतकी फुगते की तिचे पाणी या नदीत शिरते आणि नदी चक्क उलटी वाहू लागते. शंभराहून अधिक किलोमीटर मागे जाऊन ती ते पाणी सरोवरात नेऊन ओतते. उन्हाळ्यात अडीच-तीन हजार चौरस किलोमीटर असणारे ते सरोवर पावसाळ्याच्या अखेरीस दहा-पंधरा हजारांवर जाते. आपला बेळगाव जिल्हा साडेतेरा हजारांच्या आसपास आहे. म्हणजे खानापूरपासून अथणीपर्यंत एकच पाणी, अशी कल्पना करा!

पाऊस ओसरला की मेकाँग उतरते आणि नदी पुन्हा सरळ होते. सरोवरातले मासे त्या पाण्याबरोबर खाली येतात. त्यांवर देश वर्षभर जेवतो. मासे खारवून, आंबवून 'प्रहोक' करून ठेवतात. त्याचा वास कोकणातल्या सुकटीलाही मागे टाकील. २०१९ आणि २०२० साली पाऊस कमी झाला, वर धरणेही झालेली, त्यामुळे नदी उशिरा आणि अशक्त उलटली. त्या वर्षी मासळी बाजारात चेहरे उतरले होते, असे लेकीच्या कारखान्यातल्या बायका सांगतात.

दुपारचा पाऊस

तिथला पाऊस आपल्यासारखी रिपरिप लावत नाही. सकाळी लख्ख ऊन, अंगाला चिकटणारा उकाडा. दुपारी तीनच्या सुमारास आभाळ काळेठिक्कर होते आणि तासभर असा कोसळतो की समोरचे घर दिसू नये. मग थांबतो. फेरीवाल्या बायका गाड्यांवरचे प्लॅस्टिक झटकून पुन्हा केळी भाजायला बसतात. मोसमी वारे तेच, आपल्याकडचेच. पण तिकडे सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतो. आपण परतीच्या पावसाला निरोप देत असतो तेव्हा त्यांचा ऐन भरात असतो.

एकदा आम्ही अशा पावसात रिक्षात अडकलो. रिक्षा बघून मला हसूच आले, कारण ती बजाजची! शहरभर याच रिक्षा धावतात. गुडघाभर पाण्यातून ती फुरफुरत निघाली तशी लेक म्हणाली, इथे पूर्वी मोठे तळे होते, बेउंग काक नावाचे. २००८ पासून त्यात वाळू भरून जमीन केली, हजारो कुटुंबांना उठवले. आता तळ्यात जाणारे पाणी रस्त्यावर थांबते. मला आपला बळ्ळारी नाला आठवला. पाण्याची जागा माणसाने घेतली की पाणी माणसाची जागा घेते, मग गाव कुठलेही असो.

ओळखीची अक्षरे

पाट्या वाचायचा मला भारी सोस. ख्मेर अक्षरे पहिल्यांदा बघितली तेव्हा वाटले, ही कन्नडची मावसबहीण असावी. कन्नड अक्षराला जसा वर 'तलेकट्टु' असतो, तसा ख्मेर अक्षरालाही वर तुरा असतो. त्याला ते केस म्हणतात. वर्णमाला तर क, ख, ग, घ, ङ अशीच, फक्त उच्चार बदललेले. आपल्या बदामीच्या चालुक्यांचे ज्यांच्याशी हाडवैर, त्या कांचीच्या पल्लवांच्या लिपीतून ही लिपी निघाली. दोन्हींची आजी एकच, ब्राह्मी. शब्दही ओळखीचे भेटतात. शाळेला 'साला', गुरुजींना 'क्रु', भाषेला 'फिएसा', तोंडाला 'मुख'. दोन भाषांत वाढलेल्या आपल्या मुलांना तर हा खेळच वाटेल. घरी मराठी, गल्लीत कन्नड बोलणाऱ्याला तिसरी भाषा फार परकी वाटत नाही, हे मला तिथे नव्याने जाणवले.

महिन्यांची नावे ऐकून मात्र मी थक्क झाले. चेत, पिसाख, चेस, आसाथ, स्राप, फोत्रोबोत... हा फोत्रोबोत म्हणजे भाद्रपद! उत्तर हिंदुस्थानात या वद्य पक्षाला आश्विन म्हणतात. कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो. मराठी, कन्नड आणि ख्मेर माणसाचा महिना अमावास्येला संपतो. म्हणून तिघांचाही हा भाद्रपद वद्य पक्ष. आणि या पंधरा दिवसांत ते करतात काय? पितरांना जेवू घालतात.

प्चुम बेन

या पंधरवड्याला तिथे 'प्चुम बेन' म्हणतात. प्चुम म्हणजे एकत्र येणे, आणि बेन म्हणजे पिंड. शब्दही तोच. या दिवसांत मेलेल्यांची दारे उघडतात, असे ते मानतात. प्रेत, त्यांच्या भाषेत 'प्रेत'च, आपली माणसे शोधत सात विहार फिरतात. कुठेच आपल्या नावाचा घास दिसला नाही तर रागावून जातात. अखेरची अमावास्या, आपली सर्वपित्री, महानवमीच्या आधीची. त्या दिवसांत देशभर सुट्टी. कारखान्यातल्या मुली केळीच्या पानात बांधलेले 'आन्सोम' घेऊन, व्हॅनमध्ये दाटीवाटीने बसून गावाकडे जातात. आपल्याकडे गणपतीला एस.टी. भरतात, तसेच. गोडाधोडात 'नुम कोम' असते: चिकट तांदळाच्या पिठात नारळ आणि ताडगूळ भरून, केळीच्या पानात वाफवलेले. खाल्ल्यावर मी लेकीला म्हटले, हा तर उकडीचा मोदकच, फक्त कळ्या नाहीत.

लेकीची घरमालकीण सत्तरी ओलांडलेली. सगळे तिला 'येय', म्हणजे आजी म्हणतात. एके संध्याकाळी ती कागदावर नावे लिहीत बसली होती. विहारात भिक्खू ती वाचतात. यादी मोठी होती. मी लेकीकरवी विचारले, इतकी माणसे? तिने सांगितले ते लेकीने थांबत थांबत मला सांगितले.

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूजचे सैनिक शहरात शिरले आणि काही दिवसांत त्यांनी सारे शहर रिकामे केले. दवाखान्यातल्या रुग्णांनासुद्धा रस्त्यावर काढले. ७ जानेवारी १९७९ ला ती राजवट संपली तोवर उपासमार, कष्ट आणि कत्तल यांत सुमारे सतरा लाख माणसे गेली. भिक्खूंची वस्त्रे उतरवली, विहारांची कोठारे आणि तुरुंग केले. प्चुम बेनही बंद. येयच्या नवऱ्याला कामाला नेतो म्हणून नेले ते १९७७ साली. तारीख नाही, तिथी नाही, जागा नाही. दोन भावांचेही तेच. "म्हणून अमावास्या," ती म्हणाली. "ज्यांचा दिवस माहीत नाही त्यांच्यासाठी."

आपल्याकडे हेच नाही का? तिथी ठाऊक नसेल तर सर्वपित्रीला घालावे.

शहरातली तुओल स्लेंग ही मुळातली शाळा, तिचा तुरुंग केला होता. आणि गावाबाहेर चुएंग एक इथे सामुदायिक थडगी आहेत. २०२५ साली युनेस्कोने ही ठिकाणे जागतिक वारशात घेतली. मी चुएंग एकला गेले तेव्हा आदल्या दिवशी पाऊस झाला होता. पावसाने माती धुपली की हाडांचे तुकडे, कपड्यांच्या चिंध्या आजही वर येतात. पायवाटेच्या कडेला निळ्या कापडाचा एक कोपरा दिसत होता. तिथल्या माणसाने सांगितले, आम्ही ठरावीक काळाने हे गोळा करून ठेवतो. पावसाळ्यात काम जास्त.

पहाटे चार वाजता

२ ऑक्टोबरला अमावास्या होती. येयने आम्हाला आदल्या पहाटे उठवले. नदीकाठच्या वाट उणालोमला गेलो. ऊर्णालोम, म्हणजे बुद्धाच्या भुवयांमधला केस. तो इथे ठेवला आहे अशी श्रद्धा. हा विहार १४४३ सालचा मानतात. अंधार, ओल्या फरशा, उदबत्त्यांचा धूर, आणि हातात ताटल्या घेऊन प्रदक्षिणा घालणारी माणसे. ताटात चिकट भाताचे, तीळ लावलेले गोळे. प्रेतांना उजेड सोसत नाही, म्हणून हे सूर्य उगवण्याआधी करायचे. भाताचे गोळे कडेच्या अंधारात टाकायचे. टाकणाऱ्यांत बायकाच जास्त होत्या.

येयने दोन गोळे माझ्या हातावर ठेवले.

आमचे हे २०२१ च्या मे महिन्यात गेले, दुसऱ्या लाटेत. दवाखान्यातून फोन आला तेव्हा आम्ही दाराबाहेरही जाऊ शकत नव्हतो. सगळे परक्या माणसांनी उरकले. मुख बघायला मिळाले नाही. नंतर दाखला आला, कन्नडमध्ये. म्हाळाला पुतण्या मनापासून संकल्प सोडतो, पण आमच्यात बायका पिंडाला हात लावत नाहीत. मी चुलीपाशी असते: खीर, वडे, अळू, भोपळ्याचे भरीत. तीन वर्षे मी फक्त रांधले.

लेकीने यांचे नाव आदल्या रात्रीच येयच्या यादीत लिहिले होते, ख्मेर अक्षरांत. आडनाव त्यांना उच्चारेना म्हणून नुसते नाव. मी गोळे टाकले. लेकीनेही टाकले. आत भिक्खू नावे वाचत होते. यांचे नाव आले तेव्हा उच्चार थोडा वाकडा झाला, पण कळला. येयने माझ्या पाठीवर हात ठेवला नाही की काही बोलली नाही. ती आपल्या नावांची वाट बघत उभी होती.

जायचे असेल तर

आता कोणी विचारले तर मी सांगते, पावसाळा संपता संपताच जा. विमानाचे भाडे उतरलेले असते, गर्दी नसते. व्हिसा घरबसल्या इंटरनेटवर मिळतो. डॉलर आणि तिकडचे रिएल दोन्ही चालतात. चपला रबरी घ्या. शाकाहारी माणसाने विचारून खावे, कारण भाजीतही माशाचा रस असतो. अमावास्येच्या आसपास मात्र निम्मी दुकाने बंद, शहर ओस.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही नदीवर बसलो होतो. पाणी काठोकाठ होते, पण वाहत मात्र कुठेच नव्हते. जलपर्णीचा एक पुंजका एकाच जागी हळूहळू फिरत होता. लेक म्हणाली, आता कधीही वळेल.

नोव्हेंबरात कार्तिकी पौर्णिमेला तिथे नौकांच्या शर्यती होतात, नदी वळल्याचा सण. २०१० साली याच सणात पुलावर चेंगराचेंगरी होऊन साडेतीनशेच्या आसपास माणसे गेली, पुढे काही वर्षे सण भरलाच नाही. २०२४ ला भरला. लेकीने फोनवर आवाज ऐकवला: ढोल, वल्ही, हजारो माणसांचा ओरडा. येय पण आली होती म्हणे, शेजारी बसून भाजलेली केळी खात होती. नदी आता समुद्राकडे निघाली होती.