चौदा रुपयांचा फरक

बीडच्या मोंढ्यातील खाद्यतेलाच्या एका घाऊक पेढीवर महिनाअखेरीस चौदा रुपयांचा फरक निघाला. रक्कम क्षुल्लक, परंतु फरक ठेवून वही मिटण्याची त्या पेढीवर रीत नव्हती. मुनीमजींचा हिशेब एक्सेलमध्ये होता. पुण्याहून शिकून आलेल्या नातवाने तोच हिशेब पायथन या संगणकभाषेत नव्याने बांधला होता. नवे यंत्र चुकणार नाही, अशी शेठजींची श्रद्धा. त्यामुळे तीस वर्षे वही सांभाळणाऱ्या मुनीमजींकडे संशयाने पाहिले गेले. ते काही बोलले नाहीत, बिलांचा गठ्ठा घेऊन बसले.

सायंकाळपर्यंत सात बिले वेगळी निघाली. प्रत्येक बिल ८,५०० रुपयांचे. त्यावर अडीच टक्के केंद्रीय कर २१२ रुपये ५० पैसे आणि तेवढाच राज्याचा. एक्सेलने प्रत्येकी २१३ धरले होते, पायथनने २१२. नवल असे, की ८,७०० च्या बिलावरील २१७.५० चे मात्र दोघांनीही २१८ केले होते!

नातवाने शोध घेतला तेव्हा उलगडा झाला. नेमकी अर्ध्यावर आलेली संख्या पायथन जवळच्या सम अंकाकडे नेते. पन्नास पैसे दर वेळी वरच चढवले, तर हजारो नोंदींची बेरीज फुगते. सम अंकाकडे नेल्यास काही वर, काही खाली जाऊन तोल राहतो. संगणकीय अंकगणिताच्या १९८५ च्या आयईईई ७५४ या मानकातही हीच पद्धत मूळ धरली आहे. तिला ‘बँकर्स राउंडिंग’ म्हणतात. हयात बँकेत घालवलेल्यांनाही हे नाव सहसा ठाऊक नसते. एक्सेलच्या पानावरील सूत्र २.५ चे ३ करते, तर त्याच एक्सेलच्या पोटातील व्हीबीए २ करते.

गणित कोणाचेच चुकले नव्हते. परंतु कर कायद्याने आकारला जातो. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम १७० नुसार पन्नास पैसे वा अधिक असल्यास पुढचा रुपया धरायचा. मुनीमजींची वही बरोबर ठरली. शेठजींनी सर्वांदेखत तसे बोलून दाखवले.

नातवाने आपले सूत्र बदलले. मग मुनीमजींनी परत आलेल्या मालाची बिले पुढे केली, कारण तेथील रक्कम उणे असते. उणे २१२.५० चे एक्सेल उणे २१३ करते. मोबाइलवरील बिलांसाठी नातवाने वापरलेली जावास्क्रिप्ट उणे २१२. विक्रीच्या वेळी तीच भाषा २१३ धरते. माल परत आला, तरी खात्यात एक रुपया उरतो. त्या रात्री पेढी उशिरा बंद झाली.