पानासकट आणा

फुलकिड्याचं नाव ठरवायचं तर प्रौढ मादी हाताशी हवी. नर लहान, फिकट आणि पुष्कळदा सापडतच नाहीत. पिलांच्या अंगावर ओळखीच्या खुणा फार थोड्या. त्यामुळे आमची सगळी भिस्त जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या एका बाईवर. तिला आधी कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात ठेवायचं. पोटातला ऐवज विरघळून अंग पारदर्शक झालं की धुवायचं, चढत्या ताकदीच्या अल्कोहोलमधून न्यायचं, मग लवंगेच्या तेलात आणि शेवटी कॅनडा बाल्समच्या थेंबात. थेंब कव्हरस्लिपवर घ्यायचा, त्यात किडा उताणा ठेवायचा, बारीक सुईने पंख पसरायचे, शृंगिका सरळ करायच्या आणि वरून काच उलटी टेकवायची. काच सुलटी केली की किड्याची पाठ वर येते. संध्याकाळी घरी गेलं तरी बोटांना लवंगेचा वास असतो. घरच्यांनी आता विचारणं सोडलं आहे.

मग केस मोजायचे. डोक्यावर तीन साध्या नेत्रांचा त्रिकोण असतो. त्याच्याजवळच्या केसांची तिसरी जोडी त्रिकोणाच्या आत की बाहेर, यावरून थ्रिप्स फ्लेवस आणि थ्रिप्स पामी वेगळे होतात. दोघेही पिवळे, नुसत्या डोळ्यांना सारखेच. पोटाच्या आठव्या खंडाच्या कडेला बारीक दातांची फणी आहे का, आहे तर अखंड की मध्ये तुटलेली? कांद्यावरच्या थ्रिप्स टॅबासीच्या साध्या नेत्रांत बहुतेक भावंडांसारखा लाल रंग नसतो, करडा असतो. हा रंग सोड्यात टाकण्याआधीच टिपून ठेवावा. हे सगळं जुळलं की नाव मिळतं, आणि नाव मिळाल्याचा आनंद मला आजही होतो.

पण ती मादी त्या पानावर राहत होती की नुसती येऊन टेकली होती, हे कुठलाही केस सांगत नाही. फुलकिड्याचा पंख म्हणजे एक अरुंद पट्टी आणि कडेला लांब केसांची झालर. त्याने फार दूरचं नेमकं उड्डाण जमत नाही, पण वारा त्याला कुठेही नेतो. कांदा सुकायला लागला की त्यातले फुलकिडे शेजारच्या मिळेल त्या हिरव्या पानावर उतरतात. त्या दिवशी तिथे कुणी फांदी झटकली की एका नव्या वनस्पतीवर कांद्याच्या फुलकिड्याची नोंद होते. आपल्याकडच्या जुन्या याद्या अशा पाहुण्यांनी फुगल्या आहेत. जिथे मादी अंडी घालते आणि पिलं वाढतात, तीच खरी यजमान वनस्पती. बाकीच्या नोंदी मला फारशा कामाच्या वाटत नाहीत. म्हणून नमुना घेऊन येणाऱ्याला मी एवढंच सांगते, पानासकट आणा, आणि पिलं असतील तर तीही आणा.

पान वाचायला शिकलं की निम्मं काम तिथेच होतं. या किड्याचा उजवा जबडा अंड्यातच विरून जातो, उरतो फक्त डावा. त्याने पेशीला भोक पाडायचं आणि मग दोन सुयांची नळी आत घालून रस ओढायचा. शहाळ्याला कोयत्याने छेद देऊन नळी घालावी तसं. रिकाम्या पेशींत हवा शिरते, म्हणून पान चंदेरी दिसतं. त्यावर विष्ठेचे काळे ठिपके असले तर किडे इथे येऊन गेले नाहीत, इथे राहिले. मिरचीचं कोवळं पान वरच्या बाजूला वळून होडीसारखं झालं, की स्किर्टोथ्रिप्स डॉर्सालिसचा संशय घ्यावा. कोळ्यांमुळे ते खाली वळतं. या जातीचं वर्णन अमेरिकेतल्या जे. डग्लस हूड यांनी १९१९ मध्ये भारतातून गेलेल्या नमुन्यांवरून केलं. द्राक्षाची पानं तपकिरी करणाऱ्या रिपिफोरोथ्रिप्स क्रुएन्टॅटसचंही तसंच.

केवळ पानावर जगणाऱ्यांचं एक उपकुळच आहे, पंचेटोथ्रिपिनी. अंगभर जाळीदार नक्षी असल्यामुळे स्लाइडवर ते देखणे दिसतात, हा माझा पक्षपात समजा. काजूच्या पानामागे यातला सेलेनोथ्रिप्स रुब्रोसिंक्टस मिळतो. त्याच्या पिवळसर पिलाच्या कमरेला तांबडा पट्टा असतो, आणि शेपटाचं टोक उचलून ते विष्ठेचा थेंब मिरवत फिरतं. पिलावरूनच ओळखावी अशी ही दुर्मीळ जात. कोशावस्थाही पानावरच. बहुतेक फुलकिडे मात्र कोशात जायला जमिनीत उतरतात.

“मॅडम, नाव घेऊन काय करू? औषध सांगा,” असं एक शेतकरी म्हणाले होते. त्यांचं चुकलं नव्हतं. पण मादी पोटाखालच्या करवतीने पानाला चीर देऊन अंडी आत ठेवते. तिथे फवारा पोचत नाही. मातीतल्या कोशांपर्यंतही पोचत नाही. मरतात ते पानावरचे. आठवडाभरात पुन्हा पान भरलं की दोष औषधाच्या बाटलीला. त्यात मादीच्या अफलित अंड्यातूनही नर निपजतो. एकटी मादी उरली तरी वंश थांबत नाही.

टोमॅटो आणि भुईमुगाच्या शेंडामर रोगात तर पिलांचा प्रश्न आणखी तीव्र होतो. विषाणू थ्रिप्स पामी पसरवतो, पण प्रौढाने रोगट पान आयुष्यात पहिल्यांदा खाल्लं तर तो वाहक होत नाही. पिलू असताना ज्याने तो विषाणू गिळला, तोच मोठा होऊन मरेपर्यंत पसरवतो. म्हणजे बांधावरच्या कुठल्या तणावर ही पिलं वाढली, हे शोधल्याशिवाय रोगाचा उगम सापडत नाही.

करवत ज्यांना असते ते टेरेब्रान्शिया. ज्यांच्या पोटाचं टोक नळीसारखं आणि अंडी पानाच्या पृष्ठावर, ते ट्युब्युलिफेरा. फुलकिड्यांच्या सहा हजारांहून अधिक जातींची ही पहिली वाटणी. अंडं पानात की पानावर, हा फरकही तिच्याबरोबरच येतो. दुसऱ्या गटाची ओळख करून घ्यायला शेतात जावं लागत नाही. सोसायटीच्या कुंपणाला लावलेल्या फायकस बेंजामिनाची करंजीसारखी मधल्या शिरेवर घट्ट मिटलेली पानं उघडा. काळे प्रौढ, पांढरी अंडी, फिकट पिलं, सगळं बिऱ्हाड एकत्र. हा गायनायकोथ्रिप्स उझेली. पानांच्या गाठींत राहणाऱ्या अशा फुलकिड्यांवर चेन्नईच्या टी. एन. अनंतकृष्णन यांनी आयुष्यभर काम केलं. इथे पाहुणा की यजमान हा प्रश्नच उरत नाही.

विद्यार्थ्याच्या लेबलवर नुसतं ‘मिरची’ लिहिलेलं असलं की मी ते परत करते. फूल की पान? २०२१ मध्ये आंध्र-तेलंगणात मिरचीवर थ्रिप्स पार्विस्पिनस आला तो प्रामुख्याने फुलांत. पान असेल तर कोवळं की जून, वरची बाजू की खालची? पिलं होती? नसतील तर ‘पिलं नाहीत’ असंच लिहा. लेबलवर एवढं मावत नाही अशी मुलांची तक्रार असते. अक्षर बारीक काढा, म्हणते मी.