एका रकान्याचा प्रश्न

अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात मोनोवाय नावाचे एक गाव आहे. २०१० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या भरली अवघी एक! त्या एकट्या आजीबाईच तेथल्या नगराध्यक्ष, ग्रंथपाल आणि खानावळीच्या मालकीण. २०२० साली मात्र आकडा छापला गेला दोन. नवे कोणी राहायला आले नव्हते. लहान गावातील माणूस आकड्यांवरून ओळखू येऊ नये म्हणून तेथील जनगणना खाते मुद्दाम थोडा फेरफार करते, त्याचा हा परिणाम. एका माणसाची मोजदाद इतकी अवघड, तर आमच्या जैनथची काय कथा?

मी शिक्षणासाठी इकडे आत्याकडे आलो, पण गाव माझे आदिलाबाद जिल्ह्यातील जैनथ. लक्ष्मीनारायणाचे मंदिर आणि परमार राजा जगद्देवाच्या काळचा संस्कृत शिलालेख ही त्याची जुनी ओळख. कापूस ही आजची. उत्तरेस पैनगंगा, पलीकडे महाराष्ट्र. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली, तेव्हा याच जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले. जैनथ आंध्र प्रदेशात राहिले आणि २ जून २०१४ पासून ते तेलंगणात आहे. राज्ये बदलली, अंगण तेच राहिले. पोळ्याला तेथे बैल सजतात आणि महिन्याभराने तेथेच बतुकम्माची फुले रचली जातात. ‘अण्णा’, ‘अक्का’ या हाका मराठी की तेलुगू, हे कोणी विचारत नाही. या अंकाच्या कन्नड विभागातील मित्र तर म्हणतील, त्या आमच्याच!

जनगणनेच्या कागदावर मात्र मातृभाषेला रकाना एकच. येणाऱ्या इतर भाषा फार तर दोन. गोंडी, मराठी, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्याची चौथी भाषा कागदाबाहेर राहते. लहानपणी आई मुलाशी ज्या भाषेत बोलली ती मातृभाषा, अशी व्याख्या आहे.

२०११ साली प्रगणक आमच्या घरी आले, तेव्हा बाबांनी एका दमात सर्वांची मातृभाषा मराठी सांगून टाकली. आईचे माहेर तेलुगू. माझ्याशी ती पहिल्यापासून मराठीच बोलली, कारण आजीला समजले पाहिजे! पण कापसाचे पैसे मोजताना ती आजही ओठांतल्या ओठांत ‘ओकटी, रेंडु, मूडु’ असेच म्हणते. कागदावर मात्र ती मराठी.

बाबांचा हेतू वाईट नव्हता. राज्यघटनेचा ३५०-क हा अनुच्छेद भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्यास सांगतो. मराठी माणसे आकड्यांत दिसलीच नाहीत, तर मराठी शाळेसाठी बोलणार कोण, ही त्यांची काळजी. त्याच माध्यमात शिकलेल्या मला ती खोटी वाटत नाही. तरी शाळेसाठी आईची भाषा खर्ची टाकावी काय?

आम्हा वाणिज्य शाखेच्या मुलांना पहिल्या वर्षीच दुहेरी नोंद शिकवतात : प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू, एक नावे, एक जमा. पुढची लोकसंख्या मोजणी २०२७ साली ठरली आहे. सुटीत मी बाबांजवळ विषय काढला. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “तिलाच विचार.”

आई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, “माझी तेलुगू लिहा, दुसरी मराठी. तुझी मराठी, दुसरी तेलुगू.”

“आणि आजीची?”

“तिचीही दुसरी तेलुगूच लिही. सगळे समजते तिला!”