पळू देत की!

आमच्या दोन्ही पोरांना तीव्र हिमोफिलिया ए आहे. म्हणजे रक्त गोठायला लागणारा फॅक्टर ८ शरीरात १ टक्क्याहूनही कमी. लोकांना वाटतं, खरचटलं की संपलं! तसं नसतं हो. खरचटलेलं दाबून धरलं की थांबतं. भीती आतल्या रक्तस्रावाची: गुडघा, घोटा, कोपर. एकाच सांध्यात पुन्हा पुन्हा रक्त साचलं की सांधा कायमचा जातो.

मग घरात बसवून ठेवायचं? उलट! स्नायू बळकट असले की सांध्याला आधार मिळतो. म्हणून पोहणं, सायकल जोरात. कबड्डी मात्र नाही. फॅक्टरचा अर्धा जोर साधारण ८ ते १२ तासांत ओसरतो, म्हणून इंजेक्शन दिवसाआड, तेही सकाळीच, खेळायच्या आधी.

खरी गोची वेगळीच आहे. सूज येण्याआधी सांध्यात मुंग्या येतात, गरम लागतं. ते फक्त पोरालाच कळतं. सांगितलं की खेळ बंद आणि वर बोलणी, असं झालं तर तो लपवणारच ना! म्हणून घरात नियम एकच: दुखतंय म्हटल्यावर कुणी ओरडायचं नाही. आजीनंसुद्धा.

परवा धाकटा आपणहून आला, "बाबा, घोट्यात मुंग्या येतायत." लगेच इंजेक्शन, बर्फ, दोन दिवस कॅरम. आज पुन्हा सायकलवर!